आजीच्या ओठांवर अडलेला 'शेलाटी'

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. 'शेलाटा' हे माझे नाव. मुलीला लावलेत तर मी शेलाटी होतो, झाडाला लावलेत तर शेलाटे. माझा जन्म कधी झाला ते मला आठवत नाही. कुणाच्या तरी तोंडून बाहेर पडलो आणि लोकांना आवडलो, एवढेच ठाऊक.

सडपातळ आणि किडकिडीत हे माझे भाऊबंद. सडपातळ कुणालाही चालतो. किडकिडीत ऐकले की माणूस खट्टू होतो. मला मात्र लोक कौतुकानेच बोलावत. अंगाने बारीक, पण बांधा घोटीव आणि चालण्यात डौल, असे कुणी दिसले की माझी आठवण निघे.

खाडीकाठच्या बोनकोडे गावात मालतीबाईंच्या घरी मी पुष्कळ वर्षे राबलो. दारातला कोवळा माड, शेजारची नवी नवरी, खाडीतला बगळा, मालतीबाईंना या सगळ्यांसाठी मीच लागे. मग मिठागरे गेली, शेतेही गेली. घराच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली. तिच्या तळमजल्यावर जिम आली आणि पाटीवर 'स्लिम' जाऊन बसला. मी तेवढा मालतीबाईंच्या तोंडी उरलो. कुणी त्यांच्यामागून मला उच्चारील का, असे मला फार वाटे.

गेल्या दिवाळीत मालतीबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. हळूहळू हातापायांत बळ आले, पण बोलणे परतले नाही. त्यांना सगळे समजे, फक्त शब्द सापडत नसत. वाशीहून एक बाई चित्रांचे पत्ते घेऊन येत आणि त्यांच्याकडून बोलण्याचा व्यायाम करून घेत. आंबा, चमचा, छत्री. त्या पत्त्यांत माझे चित्र कुठून असणार? मी आतच बसून राहिलो.

त्यांची नात मनस्वी तेरा वर्षांची, उंच आणि बारीक. शाळेत तिला मुली 'काडी' म्हणत. शाळेच्या कबड्डी संघात तिची निवड झाली होती, पण तिने स्वतःहून नाव काढून घेतले. एका संध्याकाळी आजीसमोर पत्ते मांडता मांडता तिने हे आपल्या आईला, सुचिताला सांगितले.

"अगं, पण का?"

"हाफ पँट घालावी लागते, मम्मी. सगळ्या माझ्या पायांना हसतात."

"मग नीट खात जा ना! डबा तसाच परत आणतेस."

मनस्वीच्या डोळ्यांत पाणी आले. तेवढ्यात मालतीबाईंनी तिचा हात ओढला. "शे... शे..."

"शेव पाहिजे, आजी?"

मालतीबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"शेजारच्या काकींना बोलावू का, आई?" सुचिताने विचारले.

त्यांनी चिडून गादीवर हात आपटला. मी त्यांच्या जिभेच्या टोकाशी होतो, मित्रांनो. इतक्या जवळ येऊन बाहेर पडता येत नव्हते. मी धडपडत होतो, त्याही धडपडत होत्या.

मग त्यांनी मनस्वीच्या खांद्यापासून मनगटापर्यंत सावकाश हात फिरवला आणि म्हणाल्या, "शेलाटी."

अगदी स्वच्छ! तीन महिन्यांनी मी ओठांबाहेर पडलो.

"म्हणजे काय?" मनस्वीने विचारले.

"बारीक गं. स्लिम," सुचिता म्हणाली.

मालतीबाईंनी जोरात नकारार्थी मान हलवली. दाराशी पेपर वाचत बसलेले त्यांचे यजमान, गोटीराम, तेव्हा बोलले.

"नुसती बारीक नाय. तुजी आजी डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून चालायची. बांध ईतभर रुंद, दोनी अंगाला पानी. पन पाटी कदी हलली नाय. मी घरी सांगितला, लगीन करीन तर त्या शेलाटीशीच."

मालतीबाई लाजल्या. त्यांनी मनस्वीकडे बोट केले.

"मी पण तशी आहे, आजोबा?"

"तिनं सांगितला ना आता? मना कशाला विचारतेस?"

दुसऱ्या दिवशी मनस्वीने सरांना सांगून नाव पुन्हा घातले. पहिल्या सामन्यात ती दुसऱ्याच चढाईत पकडली गेली. पण धुळीने माखलेले गुडघे आजीला दाखवायला ती धावत घरी आली.

त्यानंतर मालतीबाईंना मी पुन्हा सापडलेलो नाही. "आजी, मी कोण?" असे मनस्वी रोज विचारते. त्या "शे..." म्हणतात आणि थबकतात. मनस्वी मला ओळखते, तिला मी सहज उच्चारता येतो. तरी ती मध्ये बोलत नाही. आजीचा हात धरून बसते.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणा म्हाताऱ्या माणसाचा शब्द अडत असेल. घाईने दुसरा शब्द त्यांच्या तोंडात घालू नका. थोडे थांबा. आत कुणीतरी बाहेर यायची वाट पाहत असते.