यासेन वळायचा तो माझ्याकडे

मित्रांनो, मी मेंढ्याच्या गळ्यातली एक जुनी पितळी घंटा आहे. दूरदेशी, रोडोपी नावाच्या डोंगरातल्या एका म्हाताऱ्या ओताऱ्याने मला घडवलं. मग कितीतरी वर्षं मी कळपाच्या म्होरक्याबरोबर कुरणं तुडवली. तिथे एक गोष्ट कायमची मनात बसली. लांडगा जवळ आला की मेंढ्या थिजतात आणि सगळ्या घंटा एकदम गप्प होतात. त्या शांततेची मला अजून धास्ती वाटते.

पुढे मेंढ्या विकल्या आणि मी खुंटीवर धूळ खात राहिले. घरात यासेन जन्मला तेव्हा त्याच्या आजीने, स्टोयनाने, मला राखेने लख्ख घासलं आणि दृष्ट लागू नये म्हणून लाल दोऱ्याने पाळण्याला बांधलं. केवढा मान वाटला मला! बाळ गुटगुटीत होतं. आईकडे टकमक बघत हुंकार द्यायचं. पण हळूहळू हुंकार कमी झाले. त्याची आई नेवेना समोर येऊन बोलायची, तर त्याची नजर तिच्या खांद्यावरून माझ्यावर यायची. तिने हाक मारली तरी तो वळत नसे.

"आई, याला ऐकू येत नाही की काय हो?" तिने एकदा सासूला विचारलं.

"वेडी कुठली!" म्हणत स्टोयनाने मला वाजवलं. यासेन झटकन वळला. "बघितलंस? सशाचे कान आहेत. अगं, तुझा नवरा तीन वर्षांचा होईपर्यंत मुका होता. आता त्याचं तोंड मिटतं का?"

शंका आली की मला वाजवायचं, असंच मग चाललं. पाळण्याभोवती मात्र मला ती कुरणातली शांतता दाटून येताना जाणवायची.

यासेन पावलं टाकू लागला, तेव्हा रीतीप्रमाणे गोल पाव भाजला आणि अंगणात पांढरं कापड अंथरलं. पाव घरंगळत सोडायचा, बाळाने त्याच्यामागे चालत जायचं आणि पलीकडची जी वस्तू उचलेल तो त्याचा पुढचा धंदा. तिथे कात्री होती, लेखणी होती आणि आजीच्या हट्टाने मीही होते. यासेनने पावाकडे पाहिलंच नाही. तो थेट माझ्याकडे आला.

"मेंढपाळ! आजोबांवर गेलाय गं!" शेजारणींनी टाळ्या पिटल्या.

"चला, मेंढ्या शोधा आता!" म्हणत त्याचे वडील रुमेन पेले भरू लागले.

यासेन खाली बसला आणि मला जमिनीवर गरगर फिरवू लागला. टाळ्या थांबल्या तरी त्याने मान वर केली नाही. 'हे बघ' म्हणून त्याने मला कुणाला दाखवलं नाही, आईलाही नाही.

नेवेना त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिने माझा लोलक मुठीत घट्ट धरला.

"यासेन. यासेन, माझ्या राजा."

तो तिची बोटं एकेक करून उलगडू लागला. ती बोटं कुणाची आहेत, हे बघायला त्याने वर पाहिलंच नाही. अंगण गप्प झालं. मित्रांनो, हीच ती शांतता.

"उद्या आम्ही याला डॉक्टरकडे नेतोय," नेवेना म्हणाली.

"चांगल्या दिवशी कसलं गं हे अभद्र बोलणं?" स्टोयना म्हणाली खरी, पण या वेळी तिने मला वाजवायला हात पुढे केला नाही.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, लक्षणं असल्याचं सांगितलं. "पोर गोड आहे तुमचं. त्याला त्याच्याच वाटेने चालायचंय, तुम्ही आजपासून सोबत चाला. वाट बघत बसू नका," त्या म्हणाल्या.

आता नेवेना रोज त्याच्यासमोर बसते आणि मला न वाजवता आपल्या डोळ्यांजवळ धरते. त्याची नजर माझ्यावर येते, तिच्या पापण्यांपर्यंत सरकते आणि परत फिरते. पुढे काय होईल, मला ठाऊक नाही. मला भीती वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरी तान्हं बाळ असेल तर ते खुळखुळ्याकडे वळलं म्हणून निर्धास्त होऊ नका. खुळखुळा खाली ठेवा आणि नावाने हाक मारा. वर्षाचं होत आलं तरी वळलं नाही, तर मोठ्यांना सांगा आणि त्यांनी हसण्यावारी नेलं तर पुन्हा सांगा.

नेवेना आत्ताही हाक मारते आहे. मी जीव मुठीत धरून गप्प आहे.