सतरावं भांडं

सतरावं भांडं छातीशी धरून हॅल्वरने कोपरानेच व्हर्नाच्या दाराची घंटा वाजवली.

बायकोच्या, मार्लिसच्या, दफनाला तीन महिने झाले होते. मिनेसोटाच्या त्या गावात दुःखाबद्दल कुणी बोलत नाही. त्यावर बटाट्याचा थर देतात आणि तासभर ओव्हनमध्ये ठेवतात. शेजाऱ्यांनी सतरा घरांतून सतरा काचेची भांडी जेवणाने भरून आणून दिली होती. प्रत्येकाच्या तळाला चिकटपट्टीवर नाव होतं. अन्न संपलं आणि भांडी जेवणाच्या टेबलावर उरली. ती परत करायची, आणि रिकामी द्यायची नाहीत. त्यांच्याकडे नजर गेली की हॅल्वर भर दुपारी जाऊन झोपायचा.

"बाबा, सतरा मोजूच नका," कॅरी फोनवर म्हणाली होती. फिनिक्समध्ये ती लोकांना अवघड कामांचे तुकडे करून द्यायची, आणि लोक त्याचा पगार द्यायचे. "एकच भांडं बघा."

"आणि आत काय घालू? माझं डोकं?"

"ओट्सच्या वड्या. पहिल्या दिवशी फक्त ओट्स आणायचे. बस."

त्याने ओट्स आणले. दुसऱ्या दिवशी पुड्यामागची कृती वाचली. तिसऱ्या दिवशी वड्या जाळल्या. ज्याचं भांडं त्यातच वड्या भाजायच्या, म्हणजे दुसरं काही काढायला नको, हे त्याने स्वतःच शोधून काढलं. पहिलं भांडं पायरीवर ठेवून, घंटा वाजवून, चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो गाडीकडे पळाला. सहाव्या भांड्याला दार उघडेपर्यंत थांबला. अकराव्याला "कसं चाललंय?" असं विचारल्यावर "चाललंय" म्हणाला आणि आवाज शेवटपर्यंत टिकला. आत मात्र तो कुणाकडेच गेला नाही.

सतराव्याची चिकटपट्टी धुण्यात गेली होती. पण व्हर्ना सोडून कुणी उरलंच नव्हतं.

दार उघडलं. व्हर्नाने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

"वड्या? तू केल्यास?"

"कडा खाऊ नकोस."

तिने भांडं आत नेलं, वड्या ताटलीत काढल्या, भांडं धुऊन पुसून आणलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"हे माझं नाही रे."

"मग कुणाचं?"

"तुमचंच. माझा नवरा, ऑरिन, गेला तेव्हा मार्लिसने आणलं होतं. दीड वर्ष माझ्याकडे पडून होतं. रिकामं कसं द्यायचं, आणि करायला घ्यावं तर हात चालेना. रोज म्हणायची, आज एक तरी बटाटा सोलू." तिने भांड्यावरून पुन्हा फडकं फिरवलं. "मग तिचंच कळलं. त्या दिवशी सगळे सोलले आणि ह्यातच घालून तुझ्याकडे आणले."

हॅल्वरने भांडं हातात घेतलं आणि उलटं करून बघितलं.

"पन्नास वर्षं ह्यातलं जेवलास," व्हर्ना म्हणाली, "आणि ओळखलं नाहीस?"

"मी आतलं बघत होतो."

 व्हर्नाने दार आणखी थोडं उघडलं.

"कॉफी तयार आहे. ये."

"आज नको. आज पायरीपर्यंतच ठरलंय."

घरी येऊन तो भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहिला. सोळा भांडी त्याने ज्याच्या त्याच्या घरी बिनचूक पोचवली होती. हे आपल्या घरात कुठे राहतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. तीन महिने तो सिंकशेजारी सुकत ठेवलेल्या एका ताटलीवर आणि एका कपावर भागवत होता; कपाटांना हात लावला नव्हता.

कपाटांची दारं नऊ होती. ओट्यापाशी जाऊन त्याने खिडकीजवळचं पहिलं उघडलं. आत मसाल्याच्या बाटल्या होत्या, तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेल्या. वरच्या ओळीतल्या सगळ्या त्याने वाचल्या.

मग आजचं एक दार झालं म्हणून ते लावलं, भांडं ओट्यावर ठेवलं आणि दिवा मालवला. अजून बाहेर ऊन होतं.