मेलेली साखर

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर वैद्यराज एकेकाला बोलावत, अमृतबोंड नावाचं सुकलेलं फळ चघळायला देत आणि मग त्याच्या तळहातावर मूठभर साखर ओतत. माणूस साखर तोंडात टाकायचा आणि त्याचा चेहराच पालटायचा. "वाळू लागतेय हो," तो पुटपुटायचा, की टाळ्यांचा कडकडाट.

"बोंडानं साखरेचा जीव घेतला," वैद्यराज सांगत. "जे तोंडात झालं तेच रक्तात होणार. मग इन्सुलिनच्या सुया कुणासाठी? सुया विकणाऱ्यांसाठी."

मागच्या रांगेत डॉक्टरीणबाईंनी दातओठ खाल्ले. हेच वाक्य त्यांनी गेल्या आठवड्यात थोरल्या भावाच्या तोंडून ऐकलं होतं, तेही अतिदक्षता विभागाच्या दाराशी. भावाची पोर लहान. तिचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही; रोजच्या इंजेक्शनांवर तिचा जीव. दादानं ती बंद करून बोंडं सुरू केली होती. उलट्या करत, धापा टाकत, अर्धवट शुद्धीत पोरीला आणलं होतं.

"तिनं माझ्यासमोर साखर खाल्ली गं," दादा म्हणाला होता. "गोड लागलीच नाही तिला. डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं मानू?"

"मला एक फोन करावासा वाटला नाही?"

"तू नाही म्हणाली असतीस."

पोर वाचली, पण बाईंचा राग निवला नाही. उरलेली बोंडं त्यांनी घरी आणली. फळात खरंच गुण असता तर त्यांनीच ते रोग्यांना लिहून दिलं असतं. एक चघळून त्यांनी साखर खाल्ली. खरोखर वाळू. जीभ ताळ्यावर आल्यावर दुसरं बोंड गरम पाण्यात खसाखसा धुऊन चघळलं. साखर गोडमिट्ट लागली. करामत फळाची नव्हतीच. त्यावर चोळलेल्या हिरवट भुकटीची होती. एका वेलीचा पाला असतो, तो चघळला की जिभेला काही वेळ गोड कळेनासं होतं. साखर असते तिथेच असते. डोळे मिटले म्हणून सूर्य मावळत नाही.

राहिला प्रश्न रक्ताचा. आज सभागृहात बाईंच्या शेजारी एक शिंपीकाका बसले होते, जुने मधुमेही.

"काका, वर जाऊ नका म्हटलं तर ऐकाल?"

"नाही."

"मग निदान बोट द्या."

काकांनी हसत बोट दिलं. रक्तातली साखर मोजायच्या यंत्रात एकशे ऐंशी आलं. काका वर गेले, बोंड चघळलं, साखर खाल्ली, टाळ्या घेऊन परतले. वैद्यराजांचं लांबलचक प्रवचन आटोपत आलं तेव्हा बाईंनी त्यांचं बोट ओल्या रुमालानं स्वच्छ पुसून पुन्हा रक्ताचा थेंब घेतला. तीनशे दहा. काकांचं हसू मावळलं.

बाई तडक व्यासपीठावर चढल्या आणि दोन्ही आकडे मोठ्यानं सांगितले.

वैद्यराज जराही डगमगले नाहीत. "ती मेलेली साखर आहे, बाई. तुमच्या यंत्राला जिवंत-मेलं काय कळणार?"

सभागृह हसलं. बाईंनी टेबलावरचं एक बोंड उचललं आणि पाण्याच्या तांब्यात चोळून चोळून धुतलं. पाणी हिरवं झालं.

"आता हे चघळून दाखवा."

"धुतलं की फळाचं तेज जातं."

"तेज नाही, भुकटी जाते."

तेवढ्यात गर्दीतून दादा वर आला. कुणाकडे न बघता त्यानं ते बोंड चघळलं आणि चिमूटभर साखर जिभेवर ठेवली.

"गोड आहे," तो म्हणाला. मग तो लोकांकडे वळला. "मी शिकलेला माणूस आहे. पण पोरीला टोचताना ती रडायची. हे खरं असावं असं मला फार वाटत होतं, म्हणून मी विचारलंच नाही. पोर मरता मरता वाचली माझी."

आता कुणी हसलं नाही. वैद्यराजांची माणसं पेट्या आवळू लागली.

"झाडपाल्यात औषध असतं, मी कुठं नाही म्हणते?" बाई रागानं म्हणाल्या. "पण ते तपासून ठरतं, टाळ्यांनी नाही. रक्ताचा प्रश्न जिभेला विचारू नका. आणि ज्याला 'कशावरून' विचारलेलं खपत नाही, त्याच्या हातचं काहीही पोराबाळांच्या तोंडात घालू नका. आता सांगा, इंजेक्शन नाहीतर गोळ्या कुणीकुणी बंद केल्यात?"

आधी एक हात वर आला. मग दुसरा. मग रांगांमागून रांगा.

आता बोलायला वेळ नव्हता. त्यांनी व्यासपीठाच्या पायरीवरच बैठक मारली, यंत्र मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "एकेक जण या. लहान मुलं आधी."