किम बू-सिक आणि सोमवारचा गणपती

डॉक्टर गिरीशनी मराठी मंडळाचा पन्नास वर्षांचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा अमेरिकेतल्या ॲन आर्बरमध्ये कुणाला नवल वाटलं नाही. सहा वर्षं अध्यक्षपद, आता रिटायर्ड, दोन्ही गुडघे बदललेले; इतिहास लिहायला माणसाकडे आणखी काय लागतं? एकशे दहा पानं झाली. त्यांत मंडळाच्या एका जुन्या सभासदाचं, राजीवचं, नाव एकदाही नव्हतं.

राजीव गेल्या वर्षी वारला. त्याची बायको सरला मंडळाच्या पन्नाशीच्या सोहळ्याला दूरच्या चँडलरहून येणार होती. पुस्तक उघडून ती आधी काय शोधेल, हे गिरीशना पक्कं ठाऊक होतं. शुक्रवारी ते छापायला जायचं होतं.

मुलगी चारुता युनिव्हर्सिटीत कोरियाचा इतिहास शिकवते. रविवारी जेवायला आली, पानं चाळली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही अगदी किम बू-सिक आहात."

हा बाराव्या शतकातला कोरियन मंत्री. यानं बंड मोडलं, मोठमोठी पदं सांभाळली आणि म्हातारपणी राजाच्या आज्ञेवरून तीन राज्यांचा इतिहास तयार केला. गिरीश खूश झाले. मग चारुतानं पुढचं सांगितलं: एका राज्याला त्यानं झुकतं माप दिलं, म्हणून लोक अजून त्याला बोल लावतात.

"नऊशे वर्षं झाली, बाबा. पीपल आर स्टिल मॅड."

मात्र किम बू-सिकला स्वतःचं मत द्यायचं असे, तिथं तो घडलेलं आधी लिही आणि मत खाली, वेगळं, हेही तिनं सांगितलं.

त्या रात्री गिरीश पुन्हा लिहायला बसले. बुधवारी त्यांनी एक पान बायकोपुढे, मृणालिनीपुढे ठेवलं.

'घडलं ते: १९९६ साली राजीवनी गणपती वीकेंडला नको, तिथीलाच हवा म्हणून वेगळा बसवला. सोमवार होता. त्यांना जागा मिळू नये म्हणून अध्यक्षांनी, म्हणजे मी, शाळेचा हॉल दहाही दिवस अडवला. गणपती राजीवच्या गराजमध्ये बसला.
मत: तिथीचा हट्ट चुकीचा होता. हॉल अडवणं त्याहून चुकीचं.'

मृणालिनीनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"एकवीस मोदक लिहायचे राहिले," ती म्हणाली.

"कुठले मोदक?"

"गराजमधल्या गणपतीला मीच नेले होते. तुम्ही हॉस्पिटलला ड्यूटीवर होतात."

गिरीशनी पेन उघडलं.

"हे घडलेल्यात लिहू की मतात?"

"घडलेल्यात. आणि सरलाला फोन करा, हॉटेल कॅन्सल कर म्हणावं. आपल्याकडेच उतरू दे."