इस्त्रीच्या टेबलावरून दिसलेले पाय

मी इस्त्रीचं टेबल बोलतोय. हसू नका. दारामागे दिवस काढणाऱ्यालाही सांगण्यासारखं असतं, फक्त कुणी विचारत नाही.

लोखंडी नळ्या वाकवणाऱ्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. कात्रीसारखे दुमडणारे पाय, पाठीवर फोम आणि त्यावर सुती कापड. आईनं मला घरी आणलं तेव्हा दादा शाळेत जात होता आणि त्याची बहीण तान्ही होती. ती रडली की वरचा मजलाही जागा व्हायचा, म्हणून तिचं नाव पडलं भोंगा. पंचवीस वर्षं मी या घरच्या चादरी, सदरे, गणवेश पाठीवर घेतले आणि चटके निमूट सोसले.

दादा मोठा होऊन हॉस्पिटलमध्ये ब्रदर झाला, म्हणजे रुग्णांची शुश्रूषा करणारा. भोंगा डीजे झाली. आई शेजारणींना सांगायची, "मुलगी गाण्यांच्या लायनीत आहे." ती नेमकं काय करते, हे आईनं एकदाही पाहिलं नव्हतं.

मग ती साथ आली. पार्ट्यांचे हॉल बंद झाले, रस्ते ओस पडले. दादा हॉस्पिटलच्या वसतिगृहातच राहू लागला आणि भोंगाची यंत्रं घरी आली. घरून व्हिडिओ कॉलवर पार्टी करायची, लोक आपापल्या घरी नाचणार, असं ठरलं. पण यंत्रं ठेवायची कुठे? डीजे उभ्यानं वाजवते. जेवणाचं टेबल बुटकं, वाकून वाकून तिची कंबर धरली. मग तिची नजर माझ्यावर पडली.

"अगं, ते इस्त्रीचं आहे!" आई ओरडली.

"आई, उंची तर बघ याची! माझ्या मापाचंच बनवलंय जणू."

काय सांगू तुम्हाला! जन्मात माझ्याबद्दल कुणी असं बोललं नव्हतं. पाठीवर फळी आली, फळीवर गाणी मिसळायचा मिक्सर आणि लॅपटॉप. मी गुडघे ताठ करून उभा राहिलो.

पहिल्या पार्टीचा मात्र पार फज्जा उडाला. पडद्यावर चाळीस चौकोन, चौकोनात चाळीस तोंडं. सगळी हसरी, फोटोला बसल्यासारखी. भोंगा जीव तोडून वाजवत होती आणि एकेक चौकोन गुपचूप विझत होता. शेवटी उरले सहा. त्यातला एक झोपला होता.

भोंगा माझ्या पायाशी फतकल मारून बसली. "आई, हॉलमध्ये मी तोंडं बघतच नाही गं. पाय बघते. पाय मंदावले की गाणं बदलायचं. इथे पायच दिसत नाहीत, तर मला कळणार काय, कप्पाळ?"

"मग पाय मागून घे," आई चादरीची घडी घालत म्हणाली. "तोंड उघडल्याशिवाय कुणी काही देत नाही."

खरं तर आईचं चित्त वेगळीकडेच होतं. दादा रोज फोनवर "बरा आहे" म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. तीन आठवडे त्यानं व्हिडिओवर तोंड दाखवलं नव्हतं. विचारलं की म्हणे नेट नाही. आईला घास गोड लागेना. अशात दादाच्या हॉस्पिटलमधल्या मोठ्या सिस्टरांचा भोंगाला फोन आला. "वॉर्डात रोज कुणी ना कुणी जातंय. पोरं गप्प झालीत. तुझा दादा तर आठवडाभर इथे कुणाशी बोललेला नाही. रविवारी दुपारी तासभर वाजवशील?"

रविवारी तीस चौकोन उघडले. वसतिगृहातल्या तीस खोल्या, त्यातले निम्मे चौकोन काळे. तोंड दाखवायची कुणाला इच्छाच नव्हती.

"तोंडं नकोतच मला!" भोंगा म्हणाली. "फोन भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा. नुसते पाय दाखवा."

आणि अहो, एकेक काळा चौकोन उजळू लागला. अबब! सुजलेले पाय, भेगाळलेले पाय, उलटसुलट मोजे, निम्मा रंग उडालेली नखं. बारा-बारा तास वॉर्डात उभे राहिलेले ते पाय, आणि ते नाचायला लागले हो! माझा ऊर भरून आला. भोंगाची नजर एका चौकोनातून दुसऱ्यात धावत होती आणि बोटं त्या पायांच्या मागे.

आई चादरींचा ढीग घेऊन मला मागायला आली आणि जागीच थबकली. तिनं एका चौकोनावर बोट ठेवलं. "हा दादा."

"कशावरून?"

"डाव्या पायाची करंगळी बघ, शेजारच्या बोटावर चढून बसलीय. तेल लावून लावून मी दमले, सरळ झाली नाही मेली."

ते पाय मात्र हलत नव्हते. खिळे ठोकल्यासारखे पडले होते. भोंगानं तीन गाणी बदलली. बाकीचे उड्या मारत होते, हे दोन ढिम्म. मग तिनं सगळे शब्द काढून टाकले, सगळी वाद्यं काढली आणि नुसता ठेका ठेवला, माणूस सावकाश चालतो तेवढाच. तो ठेका माझ्या पायांतून फरशीत उतरत होता. तिच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. बाकीचेही थांबले. ती फक्त भावासाठी वाजवत राहिली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. करंगळी हलली. मग टाच उचलली गेली, टेकली, पुन्हा उचलली गेली. दादा उभा राहिला आणि नाचला. अगदी वाईट नाचला. पण मी जन्मभरात इतकं मोठं काही पाहिलेलं नाही.

मग त्यानं फोन उचलून तोंडासमोर धरला. नाकावर मास्कचे काळेनिळे वळ, गालफडं बसलेली, डोळे भरलेले. आईनं दोन्ही हात माझ्यावर टेकले. तिचा सगळा भार मी तोलून धरला.

"जेवलास का रे?" तिनं विचारलं.

"नाही," दादा म्हणाला. तीन आठवड्यांत तो पहिल्यांदा खरं बोलला होता.

आता मी म्हातारा झालोय, उघडताना कुरकुरतो. एवढंच मागतो तुमच्याकडे. "बरा आहे" म्हणून फोन ठेवून देणारं तुमचंही कुणी असेल. माझ्यासारख्या टेबलावर कपडे पसरून ठेवलेत ना? राहू द्या तसेच. आधी त्याला फोन लावा. इस्त्री काय, उद्याही होईल.