गाडीवरचं गोंदण

"ताई, मस्त झालंय. पण अजून थोडं खतरनाक पाहिजे."

अल्पेशचा हा आठवा मेसेज वाचून हिमानीने मोबाइल टेबलावर उपडा ठेवला. खतरनाक म्हणजे नक्की काय, हे या माणसाला पंधरा दिवसांत सांगता आलं नव्हतं. आधी टोकं बोथट वाटत होती, म्हणून तिने ती लांबवली. मग ती बाभळीच्या काट्यांसारखी वाटायला लागली. वळणं दिली, तर म्हणाला, "ताई, हे जरा लेडीज वाटतंय."

अंबरनाथ पूर्वेला, एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका गॅरेजला लागून हिमानीचा गाळा होता. गाड्यांवर लावायची विनाइलची चित्रं ती स्वतः काढायची, मशीनवर कापायची आणि स्वतःच लावायची. नेटवरचं उचलून ती कधी कापत नसे. "चार वर्षं कला शिकलीस ती स्टिकर चिकटवायला?" असं तिचे बाबा, दिनानाथ, अजूनही महिन्यातून एकदा तरी विचारायचे. अल्पेशचे मेसेज वाचताना तिलाही ते पटायला लागलं होतं.

अल्पेश जवळच्याच खरवई गावचा. रेती-विटांचा सप्लाय होता त्याचा. नवी पांढरी मोठी गाडी घेतली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना त्याला 'ट्रायबल' हवं होतं.

"ट्रायबल म्हणजे काय?" हिमानीने त्याला पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"तेच ना ताई, जिममधल्या पोरांच्या दंडावर असतं ते. काळं, टोकदार."

ते मूळचं दूरच्या बेटांवरच्या लोकांचं गोंदण आहे, त्यातल्या रेघारेघेला अर्थ असतो, असं तिने त्याला समजावून सांगितलं. अल्पेशने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हां, मग तेच. फक्त डिक्कीपर्यंत येऊ द्या."

आठव्या मेसेजनंतर तिने ठरवलं, निदान दारांची मापं तरी पुन्हा घेऊन येऊ. स्कूटर काढून ती खरवईला गेली. अल्पेश साइटवर गेला होता. गाडी अंगणात उभी होती आणि त्याची आई तुळशीबाई पायरीवर बसून सुके बोंबील साफ करत होती.

"तू ती चित्रावाली बाय काय? बस. च्या ठेवतंय."

मापं घेऊन झाल्यावर हिमानी चहाला बसली. तुळशीबाईंनी कप पुढे केला तेव्हा त्यांच्या हाताच्या आतल्या बाजूचं गोंदण तिला दिसलं. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवट पडलेलं. मधे तुळशीचं रोप, त्याच्या दोन्ही बाजूंना उतरत जाणाऱ्या ठिपक्यांच्या रांगा, आणि खाली एकात एक अडकलेले त्रिकोण. कुठलीच रेघ सरळ नव्हती, तरी सगळं जागच्या जागी होतं.

"मावशी, एक फोटो काढू?"

"कनाला गो?"

"असंच. छान आहे."

तुळशीबाई हसल्या आणि त्यांनी हात पुढे धरला.

घरी येऊन हिमानीने दोन दिवस दुसरं काही केलं नाही. त्रिकोण मोठे होत मागच्या चाकावर चढले, ठिपके दारांवरून मागे पसरत गेले, रोपाच्या फांद्यांना टोकं आली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिला स्वतःचं काम आवडलं. रात्रभर थांबावं, नीट विचार करावा, असं मनात आलंही होतं. पण ती इतकी कंटाळली होती, की तिने ते लगेच पाठवून दिलं.

दोन मिनिटांत फोन आला. "ताई! हेच! हेच पाहिजे होतं मला! कुठून काढलंत?"

"तुमच्या आईच्या हातावरून."

अल्पेशने हळूच विचारलं, "आयेच्या हातावर हे आहे?"

दुसऱ्या दिवशी तो आईला गाळ्यावर घेऊन आला. स्क्रीनवर पांढऱ्या गाडीचं चित्र होतं आणि त्यावर ते काळं डिझाइन. "बघ आये, तुझी गाडी," तो म्हणाला. त्याचा चेहरा फुलून आला होता.

तुळशीबाईंनी स्क्रीनकडे पाहिलं. मग पदराने हात झाकून घेतला.

"ह्या नाय लावाचा."

"का? तुझ्या मानासाठीच करतोय ना मी!"

"माजे आयेनी मना मांडीवं धरून गोंदवलेला ह्या. लगनाचे आधी. मी मेल्यावं तुमी डोरला काराल, बांगऱ्या काराल. ह्या येवराच माज्यासंगती येल. आन तू त्यो गारीला लावतंस? चार वरसांनी गारी इकशील, तवा माजा हात कोनाचे दारान उबा ऱ्हाईल?"

मग त्या हिमानीकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तिला जास्तच लागलं.

"आन तू सांगलास, असाच फोटो काडतंय."

हिमानीने स्क्रीनवरचं चित्र बंद केलं. डिझाइन पाठवण्याआधी या बाईला एक फोन करायला किती वेळ लागला असता?

"मावशी, चुकलं माझं. हे मी कापणार नाही."

"म्हणजे?" अल्पेश उसळला. "कस्टमर मी आहे, ताई! पंधरा दिवस फालतू डिझाइनं दाखवलीत, आणि आता एक बरोबर जमलं तर म्हणता कापणार नाही?"

"फालतू?" हिमानीचाही संयम सुटला. "आठ वेळा बदललं मी! तुम्हाला काय पाहिजे ते तुम्हालाच माहीत नव्हतं. आता घरातलं सापडलं, तर ज्यांचं आहे त्या नको म्हणतायत. मी काय करू, सांगा!"

अल्पेश तणतणत बाहेर पडला. तुळशीबाई त्याच्या मागून गेल्या, पण गाडीत बसल्या नाहीत. रस्त्यावर रिक्षा थांबवून निघून गेल्या.

आठवड्याभराने हिमानी बदलापूर रोडने येत असताना ती पांढरी गाडी तिच्या शेजारून पुढे गेली आणि यू-टर्न घेऊन समोरून परत आली. दोन्ही बाजूंना तेच डिझाइन होतं. तिने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं छोटं चित्र उल्हासनगरातल्या कुठल्यातरी दुकानातून मोठं करून घेतलेलं होतं. कडा करवतीसारख्या दातेरी आल्या होत्या. उजव्या बाजूसाठी चित्र आरशातल्यासारखं उलटवायचं असतं, तर कापणाऱ्याने तेच चित्र गोल फिरवून, खालची बाजू वर करून लावलं होतं. त्यामुळे त्या बाजूला तुळशीचं रोप मुळं वर करून उभं होतं.

हिमानीच्या तोंडून आधी शिवी निघाली ती त्या कापणाऱ्यासाठी. तुळशीबाई तिला पुढच्या चौकात आठवल्या, आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने स्कूटर बाजूला घेऊन अल्पेशला फोन लावला. भांडायची पूर्ण तयारी करूनच लावला होता. पण त्याचा आवाज पार उतरलेला होता.

"ताई, बोलूच नका. आये आठ दिवस माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, बोलत नाही. बाजाराला रिक्षाने जाते. त्या दुकानवाल्याला काढ म्हटलं तर तो म्हणतो, आम्ही फक्त लावतो. मी नखाने काढायला गेलो तर तुकडे पडतायत."

"नखाने? नवीन गाडी आहे ना ती? थांबा. हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती हीट गन, प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि गोंद काढायचं लिक्विड घेऊन खरवईला पोहोचली. विनाइल अगदी हलकं होतं. चांगलं विनाइल गरम केलं की अख्खं सोलून निघतं. हे बोटभर निघायचं आणि तुटायचं. अल्पेश खिडकीतून वायर आणून देत होता, पाणी मारत होता आणि अधूनमधून कपाळावर हात मारून घेत होता.

"मी तिच्यासाठीच केलं होतं ना, ताई. लोकांनी विचारलं असतं, हे काय आहे? मी सांगितलं असतं, माझ्या आयेचं आहे."

"लोकांना सांगायचं होतं. तिला विचारायचं नव्हतं," हिमानी म्हणाली. "मीही तेच केलं, म्हणून एवढी चिडतेय."

दहाच्या सुमारास तुळशीबाई बाहेर आल्या. मग पदर खोचून हिमानीच्या शेजारी बसल्या आणि गरम झालेल्या विनाइलचं टोक नखाने उचललं.

"मावशी, भाजेल."

"चुलीव भाकऱ्या भाजतंय मी. मना काय भाजतं?"

त्यांची बोटं हिमानीपेक्षा सराईत निघाली. हळूहळू, न ओढता, त्या ठिपका ठिपका सोडवत होत्या. प्रत्येक तुकडा त्या शेजारच्या ताटलीत ठेवत होत्या, जमिनीवर एकही टाकत नव्हत्या. एक ठिपका हातात घेऊन त्या मध्येच थांबल्या.

"ह्या बग," त्या मुलाकडे न बघता म्हणाल्या, "ह्ये पाच ठिपके हायेत ना, ह्ये आमी पाच भयनी. माजी आय मोजून मोजून सांगं त्या गोंदनारनीला. मी रडतंय, आन ती मोजतंय."

अल्पेशच्या हातातला पाण्याचा पाइप तसाच वाहत राहिला. त्याला दोनच मावश्या माहीत होत्या.

"पाच?"

"पानी बंद कर आदी."

पाणी बंद करून तो आईसमोर उकिडवा बसला. तिने हात उघडा करून त्याच्या पुढे धरला आणि एकेका ठिपक्याचं नाव सांगितलं. वेणू. जनाबाई. तिसरी लहानपणीच गेली, तिचं नाव सांगताना त्या अडखळल्या. हिमानी उठून गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि तिथला गोंद पुसत राहिली.

सगळं निघायला दुपारचे दोन वाजले. दारांवर पुसट चिकट डाग राहिले होते, तेही लिक्विडने गेले. हिमानीच्या मनगटांतून कळा येत होत्या. तुळशीबाईंनी तिला भात आणि बोंबलाचं कालवण वाढलं. जेवण झाल्यावर तिने मोबाइल उघडून तो हाताचा फोटो त्यांना दाखवला आणि त्यांच्यासमोरच पुसून टाकला. डिझाइनची फाइल आदल्या रात्रीच काढून टाकली होती, तेही सांगितलं.

"बरा केलास," तुळशीबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "पन चित्र तू चांगला काडला व्हतास. किती दीस लागले?"

"दोन."

"दोन दीस माजा हात बगत बसलीस?" त्या तोंडावर पदर धरून हसल्या.

मग आत जाऊन त्यांनी चांगलं लुगडं नेसलं, पिशवीत सुके बोंबील बांधले आणि चपला घालून बाहेर आल्या. अल्पेश गाडी पुसत होता. त्यांनी पुढचं दार उघडलं आणि आत बसल्या.

"कुठं जायचं, आये?"

"वेणूकरं. तिचे हातावं बी गोंदन हाय, त्या तुला दावतंय. चल, चालव."