उलटे लागलेले डबे

बॅटरीशी माझं चाळीस वर्षं एकच भांडण. हॉलिवूडच्या जुन्या काळ्यापांढऱ्या पिक्चरांत सगळ्यात भारी कोणता? मी म्हणतो, जिन्यावर नाचतात तो. तो म्हणतो, बंदरावरचा. आमच्या थिएटरात मी मशीन चालवायचो आणि तो अंधारात बॅटरी मारून लोकांना खुर्च्या दाखवायचा, म्हणून त्याचं नाव बॅटरी.

"तुझ्या जिन्यावाल्यात आहे काय? नुसते पाय!" तो म्हणायचा. "बंदरावाल्यात बाई रुसून जहाजावर चढते आणि शेवटी घरी परत येते. त्याला म्हणतात पिक्चर."

इथे मी विषय बदलायचो. कारण ती परत येतच नाही. पहिल्याच दिवशी घाईत मी फिल्मच्या रिळांचे शेवटचे दोन डबे उलटे, म्हणजे शेवटचा आधी असे लावले होते. 'द एंड'ची पाटी येताना दिसली तेव्हा चूक कळली. झटकन भिंगापुढे हात धरला आणि राहिलेला डबा दुसऱ्या मशीनवर चालू केला. इंग्रजी कळतंय कुणाला? बाई जहाजातून गेली आणि मग घरात हसत फुलं लावत बसली. लोक खुशीत उठले.

वहिनी तेव्हा बॅटरीवर रागावून तीन महिने माहेरी होत्या. एरवी शेवटाआधीच दारं उघडायला बाहेर जाणारा हा गडी त्या दिवशी आतच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेला, तो वहिनींना घेऊनच आला. तोवर पिक्चर बदललेला. मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

आज सकाळी त्याचा फोन आला. "लेकीने बंदरावाला शोधून दिलाय. दुपारी टीव्हीवर लावतोय, ये."

त्याच्याकडे गेलो खरा, पण सोफ्यावर टेकलो की उठत होतो. पाणी प्यालो, पंखा वाढवला, परत कमी केला.

"मुंग्या चावतायत का तुला?" बॅटरी खेकसला. मग पडद्याकडे बघून पुटपुटला, "अरे, फुलं आधी कशी?"

मी मनात डबे मोजत होतो. जहाज सुटलं, लांब गेलं आणि पाटी आली. बॅटरी रिमोट उलटसुलट करून बघत राहिला. आता कबूल करून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनी हसल्या.

"अहो, पुरे झालं सोंग. माहेरच्या गावातल्या थिएटरात हा आधीच लागून गेला होता. मी पाहिलाय, जातेच ती." त्या माझ्याकडे वळल्या. "भावजी, हे दारात उभं राहून छातीठोक म्हणाले, 'ती शेवटी परत येते.' मला वाटलं, कधी खोटं न बोलणारा माणूस माझ्यासाठी एवढी थाप मारतोय! त्या थापेवर पिशवी भरली मी."

बॅटरीने माझ्याकडे पाहिलं. माझी मान आपोआप खाली गेली. उमेदीची सगळी वर्षं थिएटरात काढलेला माणूस तो, त्याला डब्यांचं वेगळं सांगावं लागलं नाही. आता हा माझी गचांडी धरणार, या धास्तीने मी चपला शोधू लागलो.

"मारली थाप," तो वहिनींना म्हणाला. "दुसरं काय करणार होतो?"

खोटं बोलायची सवय नव्हती बिचाऱ्याला. कान लालबुंद झाले होते.